गाडीला घरीच पीपीएफ लावलं, त्याची सगळी गोष्ट (खर्च, कागदपत्रं आणि कबुतरांसकट)

पीपीएफ म्हणजे ती पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म घरी लावता येते का, हे मी ऑक्टोबरपासून भेटेल त्याला विचारत होते. व्हिडिओ ढिगाने आहेत पण ते सगळे एसी स्टुडिओतले (म्हणजे पैसे घेऊन गाडीला फिल्म लावून देणारी दुकानं), पांढऱ्याशुभ्र लायटीतले, चार-चार माणसं फिल्म धरून उभी. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बोअरच्या पाण्यात, वर कबुतरं बसलेली असताना हे कसं जमवायचं ते कुणी सांगत नव्हतं. आता माझं काम झालंय आणि दोन-तीन महिने गाडी वापरूनही झालीये, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

गाडी घेतली दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ ला. काळा रंग. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही कारण पद्धत सगळ्या गाड्यांना सारखीच आहे. मी रोज नाशिकहून सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत जाते, म्हणजे पुणे हायवे आणि मोहदरी घाट, आणि त्या रस्त्यावर खडीचे डंपर किती असतात ते जाणाऱ्यांना माहितीये, त्यातल्या अर्ध्यांवर ताडपत्री धड बांधलेली नसते. दिवाळीच्या आधीच बॉनेटच्या पुढच्या कडेला पांढरा ठिपका दिसला. नखाने चाचपलं तर खड्डा लागला. दगडाने वरची क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आणि रंग दोन्ही उडवून खालचा प्रायमर उघडा पाडला होता. नवीन गाडी, हप्ते अजून सुरूही झाले नव्हते, फार वाईट वाटलं.

मग चौकशी सुरू केली. नाशिकमधल्या दोन-तीन स्टुडिओत विचारलं, पूर्ण गाडीचे ९५ हजारांच्या पुढे आणि वर १८% जीएसटी, फक्त पुढचा भाग म्हणजे बॉनेट, बंपर, फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे), आरसे आणि हेडलाइट केले तर ३८ हजार. त्यांच्या कामाला तेवढे पैसे लागतात हे नंतर स्वतः हात घातल्यावर पूर्ण पटलं. पण तेव्हा बजेट नव्हतं, आणि माझं म्हणणं असं होतं की दगड लागतात समोरून, छताला आणि डिकीला कशाला फिल्म हवी? जिथे मार बसतो तेवढंच झाकायचं, आणि त्यातलं जे सपाट आहे ते आपण करायचं.

फिल्मबद्दल आधी थोडं. गाडीचा कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो आणि चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे आख्ख्या रंगापेक्षा जाड थर वरून बसतो. माझे दीर अशा गोष्टी वाचत असतात, त्यांनी सांगितलं की व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-दगडांपासून वाचवायला थ्रीएम कंपनीने जी फिल्म बनवली होती ती याची पूर्वज. बाजारात मुख्य दोन प्रकार मिळतात, टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) आणि पीव्हीसीवाली. पीव्हीसीवाली स्वस्त पण लवकर पिवळी पडते, कडक होते, आणि काढताना तुकडे पडतात. टीपीयूला वरून एक थर असतो ज्यावरच्या बारीक चरा उष्णतेने भरून येतात. विकणारा सगळ्यालाच टीपीयू म्हणतो, त्यामुळे आधी सॅम्पल मागा. मी तळहाताएवढा तुकडा मागवला, जुन्या स्कूटरच्या पॅनेलवर चिकटवला, पितळी ब्रशने घासला आणि वरून चहाला उकळतो त्याच्या जरा अलीकडचं गरम पाणी ओतलं. पाणी निथळलं तसे ओरखडे कडेपासून आत विरघळत गेले, सगळे नाही, खोल गेलेला एक राहिला, पण बाकी पृष्ठभाग परत काचेसारखा. तिथे माझा निर्णय झाला.

आता कागदपत्रांचं, कारण हे कुणी सांगत नाही. पहिलं आरटीओ. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे आहे त्यात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. पारदर्शक फिल्मने रंग बदलत नाही त्यामुळे काही करावं लागत नाही, पण हल्ली रंगीत पीपीएफही मिळतं, ते लावणार असाल तर आधी आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या. आणि उरलेली फिल्म काचांना लावायचा मोह नको, पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७०% आणि बाजूच्या काचांतून ५०% उजेड यायला हवा असा नियम आहे आणि चौकात थांबवलं की फिल्म पारदर्शक होती वगैरे सांगत बसावं लागतं.

दुसरं, रंगाची वॉरंटी. सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायजरना फोनवर विचारलं तर ते म्हणाले "काही प्रॉब्लेम नाही मॅडम", मी म्हटलं हेच मेलवर लिहून द्या. मेल यायला आठवडा गेला, तीनदा आठवण करावी लागली, आणि उत्तरात असं आलं की फिल्ममुळे किंवा ती काढताना रंगाला काही झालं तर ते वॉरंटीत येणार नाही, बाकी वॉरंटी आहे तशी राहील. म्हणजे तोंडी आणि लेखी उत्तरात एवढा फरक. लेखीच घ्या.

तिसरं इन्शुरन्स. त्यांनाही मेल केली, त्यांचं उत्तर असं की फॅक्टरीतून न आलेल्या वस्तूची किंमत वेगळी जाहीर करून जादा प्रीमियम भरला तरच फिल्मचे पैसे क्लेममध्ये धरू, नाहीतर बंपर बदलला तर फक्त बंपरचे मिळतील. माझी फिल्म थोड्या पैशांची होती म्हणून मी ते सोडलं, पण ज्यांनी लाखभर घालून पूर्ण गाडी केलीये त्यांनी पॉलिसी रिन्यू करताना हे नक्की विचारा. आणि चौथं म्हणजे फिल्मची स्वतःची वॉरंटी, पाच वर्षं दहा वर्षं असं जे बॉक्सवर छापलेलं असतं ती बहुतेक वेळा अधिकृत डीलरने लावून गाडीच्या नंबरवर रजिस्टर केली तरच चालू होते. घरी लावली की वॉरंटी विसरा. हे डोळे उघडे ठेवून मान्य करा आणि मगच पुढे जा.

फिल्म मागवली २४ नोव्हेंबरला. रुंदी १.५२ मीटरचा रोल असतो आणि मीटरवर कापून देतात, २,६०० रुपये मीटरप्रमाणे ४ मीटर, जीएसटीसकट १२,२७२ आणि कुरिअर ३५०. आली १ डिसेंबरला. एक महत्त्वाचं, विकणाऱ्याला सांगा की घडी घालून पाठवू नका, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळूनच पाठवा, कारण घडीची रेघ फिल्ममध्ये कायमची राहते. डिलिव्हरीवाल्याच्या समोरच उघडून मोबाइलवर शूटिंग करा.

बाकी सामान म्हणजे एक मऊ आणि एक कडक स्क्वीजी (फिल्मखालचं पाणी दाबून काढायची पट्टी), दोन प्रेशरच्या स्प्रे बाटल्या, क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी), आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारं द्रावण), आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, केमिकलच्या दुकानात लिटरवर मिळतं), बेबी शाम्पू, ३० डिग्रीची टोकदार ब्लेड, आणि मायक्रोफायबरचे नवे कोरे कपडे. हे सगळं मिळून ३,१०० च्या आसपास गेलं. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) दिरांकडे होती.

मग सोसायटी. आमच्याकडे पार्किंगमध्ये गाडी धुवायला बंदी आहे. चेअरमन काकांकडे गेले तर ते म्हणाले, "अगं, नळी लावून धुणार का? मग उद्या सगळे धुतील." मी सांगितलं नळी नाही, दोन बादल्या आणि स्प्रे बाटल्या, आणि डिसेंबरमधले दोन शनिवार-रविवार. त्यांनी लेखी अर्ज द्यायला सांगितला, तो कमिटीच्या मीटिंगपर्यंत थांबला, १० तारखेला सही होऊन मिळाला. त्यात अट अशी की काम झाल्यावर फरशी कोरडी करून द्यायची आणि शेजारच्या पार्किंगवाल्यांना आधी कळवायचं. मला ही अट खरंच योग्य वाटली, कारण साबणाच्या पाण्यावरून एखादे आजोबा घसरले असते तर?

हे जे थांबणं झालं त्याचा एक उपयोग झाला. बॉनेटवरच्या त्या ठिपक्यावर टच-अप रंग भरायचा होता आणि तो नीट वाळल्याशिवाय वर फिल्म लावायची नसते, आतला सॉल्व्हंट बाहेर पडायला वाव राहत नाही आणि वर फुगा येतो. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, त्यावरून बाटली मागवली, काडीच्या टोकाने थेंब भरला आणि जवळजवळ दोन आठवडे तसाच ठेवला. तुमच्या गाडीचा एखादा पॅनेल गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर पेंटरला विचारून किमान महिनाभर थांबा, आणि रंगकाम हलकं असेल तर तिथे फिल्म लावूच नका, पुढे काढताना रंगही सोबत निघून येतो. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो म्हणून त्याला ही भीती नाही.

त्याच दिवसांत टेम्प्लेट बनवले. सुरुवातीलाच मी एक नियम ठरवला होता की गाडीच्या रंगावर ब्लेड लावायची नाही. स्टुडिओतली माणसं गाडीवरच कापतात, त्यांचा हात बसलेला असतो, आपल्या हाताने ब्लेड जरा जास्त दाबली गेली तर क्लिअर कोट कापला जातो, आणि चीर पत्र्यापर्यंत गेली तर तिथून गंज सुरू. त्यामुळे डायनिंग टेबलवर अंथरतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक घेतलं, बॉनेटवर चिकटपट्टीने ताणून बसवलं, आणि मार्करने कडेपासून ३ मिलिमीटर आत रेघ मारत गेले. दोन्ही फेंडर, दाराच्या हँडलमागच्या वाट्या, हेडलाइट, आरसे, सगळ्यांचे असेच. प्रत्येकावर "डावा, वरची बाजू" असं लिहिलं. हे फार गरजेचं आहे, कारण फिल्म उलटी ठेवून लायनरच्या (गोंद झाकणाऱ्या मागच्या थराच्या) बाजूने कापलीत तर डाव्याचा उजवा होतो. जूनमध्ये पोरांच्या वह्यांना कव्हर घालताना जी सवय असते ना, आधी माप मग कात्री, तेवढंच कौशल्य इथे लागतं, फक्त धीर जास्त.

१३ डिसेंबरला शनिवारी सकाळी सुरुवात. नाशिकची थंडी, सकाळी अंगात स्वेटर, आणि थंडीत ही फिल्म कडक होते, गोंद पकडायला उशीर लावतो. उन्हात उलटं, काळं बॉनेट डिसेंबरातही तापतं आणि गोंद झटकन पकडतो, मग फिल्म सरकवता येत नाही. त्यामुळे सावलीत, आणि अकरा ते चार याच वेळात काम करायचं असं ठरवलं. सकाळचा सगळा वेळ साफसफाईत घातला. आधी शाम्पूने धुतली, मग आयर्न रिमूव्हर मारलं. काळ्या रंगावर ते जांभळं होताना नीट दिसत नाही पण खाली निथळलेलं पाणी जांभळं आलं, ते म्हणजे ब्रेकच्या लोखंडी धुळीचे कण. नवीन गाडीवर एवढी घाण असेल असं वाटलं नव्हतं. मग क्ले बार, आणि शेवटी आयपीएने पुसणं. प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवा, एक जरी कण असेल तर पिशवीतून लगेच कळतो.

धूळ हा यातला खरा शत्रू. फरशी ओली करून ठेवली म्हणजे चालताना धूळ उडत नाही, लोकरी स्वेटर काढून सुती शर्ट घातला, केस बांधून वर रुमाल. आणि वर बीमवर कबुतरं. दिरांनी दोन खांबांमध्ये जुनी चादर ओली करून बांधली, ती नसती तर पिसं नक्की फिल्मखाली गेली असती.

दोन द्रावणं लागतात. पहिलं स्लिप, म्हणजे लिटरभर पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू, याने फिल्म सरकते. दुसरं टॅक, एक भाग आयपीए आणि चार-पाच भाग पाणी, याने गोंद लगेच पकडतो. पाणी बोअरचं नको, त्यातले क्षार फिल्मखाली पांढरे डाग म्हणून राहतात, आम्ही घरातल्या आरओचं घेतलं. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा.

पहिल्या दिवशी फक्त हँडलच्या वाट्या आणि हेडलाइट केले. हात बसायला हे छोटे तुकडे उत्तम, बिघडला तर तळहाताएवढी फिल्म जाते. वाटी दिसते छोटी पण गोलाई खोल आहे, फिल्म कडेला सुरकुत्या धरते, तिथे हीट गनने हलकं गरम करून अंगठ्याने दाबत न्यायचं. गरम म्हणजे हाताला सोसेल इतपतच.

बॉनेट रविवारी. यात दोन माणसं हवीतच. फिल्म कापून परत नळीवर गुंडाळलेली होती. बॉनेट अक्षरशः पाणी वाहील इतकं स्लिपने भिजवलं, आमचे हातही भिजवले, मग दिरांनी लायनर ओढायचा आणि मी उघड्या पडणाऱ्या गोंदावर फवारत राहायचं. इथे घाई केली की फिल्म स्वतःवरच दुमडून चिकटते. "वहिनी, कोपरा!" असं ते ओरडले तेव्हा एक कोपरा खरंच दुमडला होता, ओढायचा नाही, त्यावर भरपूर स्लिप मारून दोन्हीकडून हळूहळू उलगडायचा, सुटतो. मग चार हातांनी अलगद टेकवली. पाण्यावर फिल्म तरंगत असते, बोटाने ढकललं तरी सरकते, त्यामुळे कडेचं ३ मिलिमीटर अंतर दोन्ही बाजूंना सारखं येईपर्यंत सरकवत बसलो. जुळल्यावर मधोमध स्क्वीजीचा एक लांब हात मारला आणि तिथून डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढवत. फिल्मच्या वरूनही स्लिप मारत राहायचं, नाहीतर स्क्वीजी अडखळून चरा पाडते. पाणी कडेने बाहेर येताना दिसतं, ते येणं थांबलं की पुढे जायचं. पुढच्या कडेला जिथे बॉनेट खाली वळतं तिथे बोटांसारख्या लांब सुरकुत्या आल्या. दाबून त्या जात नाहीत, फक्त जागा बदलतात. फिल्म तिथपर्यंत उचलली, परत भिजवली, कोपऱ्याला टॅक मारून तो पकडू दिला आणि मग हलकेच ताणून खाली बसवली. दुपारचं जेवण चार वाजता झालं.

फेंडर पुढच्या आठवड्यात, २० आणि २१ तारखेला. पाट्यासारखे उभे असल्यामुळे पाणी खाली वाहून जातं आणि गोंद लवकर पकडतो, म्हणून स्लिपमध्ये शाम्पू चिमूटभर वाढवला. डाव्या फेंडरच्या फिल्मखाली वाऱ्याने आलेला एक कण राहिलाय, खसखशीएवढा. तेवढी कड उचलून पाण्याचा फवारा मारला की कण वाहून जातो, पण तोपर्यंत गोंद पूर्ण बसला होता, आणि बसलेला गोंद उचलला की तिथे पांढरट रेघा राहतात. तसाच ठेवला. दोन फुटांवरून दिसत नाही.

बंपर मी केलं नाही. त्याची वळणं एकाच वेळी दोन्ही दिशांना जातात, फॉग लॅम्पची खाच, नंबर प्लेट, ग्रिल, आणि पार्किंग सेन्सर असतील तर ते मोकळे ठेवायचे, ज्यांच्या गाडीत पुढे रडार आहे त्यांनी तर कंपनीला विचारल्याशिवाय तिथे काही लावूच नये. एका स्टुडिओत माझीच उरलेली फिल्म घेऊन गेले, आधी ते नाही म्हणाले, मग कामाचे ६,५०० सांगून तयार झाले. तिथल्या दादांनी फिल्म कुठे ताणली आणि कुठे सैल सोडली ते बघण्यासारखं होतं. ज्या कोपऱ्याशी मी दोन तास घालवले असते तो त्यांनी पाच मिनिटांत बसवला. माझ्या बॉनेटची कड त्यांनी अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाले, "ताई, ही उजवी कड उन्हाळ्यात बघत रहा, उचलली तर ओढू नका, गरम करून दाबा."

लावून झाल्यावरचे पहिले दिवस मन घट्ट करा. काळ्या रंगावर सगळं धुरकट दिसतं, जागोजागी पाण्याचे फुगवटे. टोचायचे नाहीत! पाण्याचे बुडबुडे मऊ लागतात, फिल्ममधून हळूहळू उडून जातात, थंडीत जास्त वेळ लागतो. माझ्या फेंडरवरचा शेवटचा नवीन वर्ष लागल्यावर गेला. हवेचा बुडबुडा चांदीसारखा चमकतो, तो आपोआप जाईलच असं नाही, पहिल्या दिवशीच बाहेर काढायचा. आठवडाभर गाडी धुवू नका, आणि कडा रोज संध्याकाळी बोटाने चाचपा.

एकूण खर्च सामान, फिल्म आणि बंपर धरून २२ हजारांच्या थोडा पुढे. म्हणजे ३८ हजार अधिक जीएसटीच्या तुलनेत वाचले, पण दोन वीकेंड, दिरांचे दोन वीकेंड, आणि वॉरंटी नाही हे त्यात धरा. ज्यांच्याकडे मदतीला कुणी नाही किंवा झाकलेली जागा नाही त्यांना मी बॉनेट घरी करा असं सांगणार नाही, फक्त हँडलच्या वाट्या आणि दाराच्या कडा करा, त्या कुणालाही जमतील.

फेब्रुवारीत घाटात एका डंपरमागे बॉनेटवर टक्कन आवाज आला. घरी येऊन बघितलं, फिल्मवर छोटा दबका पडलाय, खालचा रंग शाबूत. उजवी कड अजून बसलेली आहे. वॉशिंग सेंटरवर गेलात तर प्रेशर गन चालू करायच्या आधीच पोराला सांगा की फिल्म लावलीये, कडांवर सरळ फवारा मारू नको, फूटभर लांबूनच मार, कारण घरी लावलेल्या फिल्मची कड उचलायला तो एक फवारा पुरेसा असतो.